सीडी रिप केली, पण जशीच्या तशी उतरली हे कशावरून?

रिप करणं म्हणजे सीडीवरची गाणी फाइली म्हणून संगणकात उतरवणं. सीडी ड्राइव्हमध्ये टाकली, प्रोग्रॅमने ट्रॅक ओळीने उतरवले, गाणी नीट वाजली. बहुतेकांचं काम इथे संपतं. पण फाइल वाजते एवढ्यावरून ती बरोबर उतरली असं म्हणता येत नाही, कारण ऑडिओ सीडीच्या रचनेतच चूक लपवायची सोय आहे.

फिलिप्स आणि सोनी यांनी १९८० साली ऑडिओ सीडीचं जे मानक ठरवलं, त्यात सेकंदाला ४४,१०० सॅम्पल, म्हणजे आवाजाची मोजमापं, असतात. प्रत्येक सॅम्पल १६ बिटचं, आणि चॅनल दोन. चकतीवर हे सगळं सेक्टरमध्ये बसवलेलं असतं: सेकंदाला ७५ सेक्टर, एका सेक्टरमध्ये ५८८ सॅम्पल, म्हणजे २,३५२ बाइट. डेटा सीडीचा सेक्टरही तेवढाच, पण त्यात आपला मजकूर २,०४८ बाइटच असतो. उरलेल्या जागेचा मोठा भाग चूक ओळखण्यात आणि दुरुस्त करण्यात जातो. म्हणून डेटा सीडीवरची फाइल एक तर बरोबर कॉपी होते, नाही तर संगणक सरळ तक्रार करतो. ऑडिओ सीडीत हा जादा थर नाही. तिथे सी१ आणि सी२ असे दुरुस्तीचे दोनच टप्पे. सी२लाही जमलं नाही, तर ड्राइव्ह मागच्या आणि पुढच्या सॅम्पलवरून मधलं अंदाजाने भरते आणि कुणाला काही न सांगता पुढे सरकते. कानाला बहुधा कळतही नाही. ऐकणाऱ्यासाठी ही सोय उत्तम, जतन करणाऱ्यासाठी तीच अडचणीची.

चुका म्हणजे काही अपवाद नाही. सेकंदाला ७,३५० छोट्या फ्रेम वाचल्या जातात आणि त्यांतल्या सरासरी २२० पर्यंत सदोष असल्या तरी मानकाच्या हिशेबाने चकती चांगलीच. त्या सी१, सी२मध्ये दुरुस्त होतात. आपल्याला शोधायचं असतं ते एवढंच, की दुरुस्तीच्या पलीकडे काही गेलं का.

आधी चकती

चकतीवरची माहितीची रेघ, म्हणजे ट्रॅक, आतून बाहेर चक्राकार जाते आणि दुरुस्तीची ताकद सलग सुमारे ४,००० बिटची, म्हणजे ट्रॅकवर साधारण अडीच मिलिमीटर. त्यामुळे मध्यापासून कडेकडे गेलेला बारीक चरा प्रत्येक फेऱ्याला जेमतेम शिवून जातो आणि निभावतो. गोलाकार चरा मात्र ट्रॅकच्या सोबतच धावतो आणि लहान असला तरी घात करतो. चकती पुसताना आतून बाहेर सरळ पुसायची, गोल फिरवून नाही, याचं कारण हेच.

आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४२-४३च्या पुढे जातो आणि काळ्या मातीची बारीक धूळ बंद कपाटातही शिरते. तशी चकती कोरड्या रुमालाने घासली की धुळीचे कण काचकागदासारखं काम करतात. आधी फुंकणीने धूळ उडवा, मग पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा थेंबभर टाकून मऊ मायक्रोफायबरने पुसा, शेवटी साध्या पाण्याने धुवा. बोअरचं पाणी इथे नको. क्षार इतके असतात की वाळल्यावर पांढरे डाग राहतात. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर घरात असतंच, ते वापरा. थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश रिमूव्हर यांनी प्लॅस्टिक धुरकट होतं. ती चकती गेलीच म्हणा.

छापील बाजूला लोक बिनधास्त हात लावतात आणि खरा धोका तिथेच असतो. माहितीचा थर छापील बाजूच्या पातळ लॅकरखाली लगेच आहे, तर चकाकणाऱ्या बाजूला १.२ मिलिमीटर जाडीचं पॉलिकार्बोनेट आडवं आहे. खालचा चरा पॉलिश होऊ शकतो. वरच्या चऱ्याने अॅल्युमिनियमच निघालं, तर तिथलं गाणं परत येत नाही. चकती उजेडासमोर धरली की अशी टाचणीएवढी भोकं दिसतात. कागदी स्टिकर चिकटवलेलं असेल, तर ते ओढून काढायच्या भानगडीत पडू नका, चमकदार थर त्याच्यासोबत निघतो.

घरी बर्न केलेल्या सीडी-आरचा दोष वेगळा असतो. तिच्यात खड्डे नसून रंगाचा थर असतो, तो ऊन आणि उष्णतेने फिका पडतो. पत्र्याच्या खोलीत काही उन्हाळे काढलेली सीडी-आर आधी रिप करा, छापील सीडी नंतर केल्या तरी चालतं.

एकाच ड्राइव्हवर दोनदा वाचणं

रिप करायच्या प्रोग्रॅमपैकी विंडोजवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी, म्हणजे ईएसी, अजूनही बरी. मॅकवर एक्सएलडी, लिनक्सवर व्हिपर किंवा सीडीपॅरानोइया. ईएसीच्या सुरक्षित पद्धतीत प्रत्येक भाग किमान दोनदा वाचला जातो. दोन्ही वाचनं जुळली नाहीत, तर तो भाग १६ वेळा वाचून त्यातली निदान ८ वाचनं सारखी येतात का हे पाहिलं जातं. तरी नाही जमलं, तर ही १६ची फेरी पुन्हा. सेटिंगनुसार अशा पाच फेऱ्यांपर्यंत, म्हणजे एकूण ८२ वाचनं होऊ शकतात.

यात पहिली मेख कॅशची. बहुतेक ड्राइव्ह ऑडिओ आपल्या मेमरीत धरून ठेवतात. दुसऱ्यांदा मागितलं की चकतीकडे न जाता मेमरीतलंच परत देतात. मग दोन्ही वाचनं जुळणारच, आणि त्या जुळण्याला काडीचीही किंमत नाही. म्हणून ड्राइव्हच्या सेटिंगमध्ये ‘ड्राइव्ह कॅश करते’ या अर्थाचा पर्याय लावून ठेवा. वेग कमी होतो, होऊ द्या. सी२ची माहिती देण्याचा पर्याय मी बंदच ठेवतो. पुष्कळ ड्राइव्ह ती माहिती अर्धवट देतात, आणि एकदा तो पर्याय चालू केला की प्रोग्रॅम त्याच भरवशावर दुसरं वाचन टाळतो.

दुसरी मेख जास्त खोल आहे. ‘टेस्ट अँड कॉपी’मध्ये आख्खा ट्रॅक दोन वेगळ्या वेळी वाचला जातो आणि दोन्हींचे सीआरसी, म्हणजे वाचलेल्या माहितीवरून काढलेले ताळ्याचे आकडे, ताडून पाहिले जातात. ते जुळले की लोक निश्चिंत होतात. पण ड्राइव्ह एखाद्या खराब जागी दरवेळी सारखाच अंदाज भरत असेल, तर सीआरसी सारखाच येणार. एकाच साक्षीदाराला तोच प्रश्न दोनदा विचारला, एवढंच झालं. सीआरसी जुळले नाहीत तर चूक नक्की आहे. जुळले तर चूक नाही, असं मात्र नाही. पडताळणीला वजन येतं ते दुसरं वाचन किती स्वतंत्र आहे त्यावर: दुसरी ड्राइव्ह, शक्य असेल तर दुसरी चकती, आणि सगळ्यात चांगलं म्हणजे दुसऱ्याच माणसाने दुसरीकडे केलेलं रिप.

ऑफसेट

दुसऱ्याच्या रिपशी तुलना करायची तर आधी ऑफसेट बसवावा लागतो. प्रत्येक मॉडेलची ड्राइव्ह मागितलेल्या जागेपेक्षा ठरावीक सॅम्पल पुढे किंवा मागे वाचते. किती, ते मॉडेलवर अवलंबून. +६, +३०, +१०२, +६६७ हे आकडे वारंवार दिसतात. +६ म्हणजे सेकंदाचा सात हजारावा भाग आणि +६६७ म्हणजे जेमतेम १५ मिलिसेकंद, ऐकताना काहीच फरक नाही. पण ट्रॅकच्या कडेला शेजारच्या ट्रॅकचे थोडे सॅम्पल आत आले की सीआरसी पूर्ण बदलतो. मग गाणं बिनचूक असूनही काहीच जुळत नाही.

मॉडेलनुसार ऑफसेटची यादी अॅक्युरेटरिपकडे, म्हणजे लोकांच्या रिपचे निकाल जमवणाऱ्या डेटाबेसकडे, आहे आणि ईएसी ती स्वतः पाहते. यादीत ड्राइव्ह नसेल तर डेटाबेसमध्ये नक्की असलेली चकती टाकून ऑफसेट ओळखता येतो. अशी चकती म्हणून स्थानिक कंपनीची भक्तिगीतं कामाची नाहीत. जगभर खपलेला इंग्रजी अल्बम किंवा खूप गाजलेल्या हिंदी चित्रपटाची मूळ छापील सीडी मिळवा. एका चकतीवर भिस्त ठेवू नका, दोन-तीन चकत्यांनी एकच आकडा दिला पाहिजे.

सोबतची दोन-तीन सेटिंग आत्ताच पाहून घ्या. आवाज सारखा करणारं नॉर्मलायझेशन बंद. ट्रॅकच्या सुरुवातीची आणि शेवटची शांतता कापणारा पर्याय बंद. ऑफसेटमुळे कमी पडलेले सॅम्पल शांततेने भरण्याचा पर्याय चालू, नाहीतर शेवटच्या ट्रॅकची लांबीच बदलते. यातलं एक जरी उलटं असलं, तरी पुढची सगळी पडताळणी फुकट.

अॅक्युरेटरिपचा निकाल कसा वाचायचा

अॅक्युरेटरिप चकतीला ओळखतं ते ट्रॅकच्या सुरुवातीच्या जागांवरून. त्या जागांवरून ओळख क्रमांक तयार होतो, आणि त्या क्रमांकाखाली इतरांनी पाठवलेले प्रत्येक ट्रॅकचे चेकसम, म्हणजे सीआरसीसारखेच ताळ्याचे आकडे, असतात. तुमचा चेकसम जितक्या जणांशी जुळला तो आकडा ‘कॉन्फिडन्स’ म्हणून दिसतो. ३२ बिटचा चेकसम निव्वळ योगायोगाने जुळण्याची शक्यता चार अब्जांत एक. आकडा २ असला तरी व्यवहारात भरपूर झालं, २००ची वाट पाहायची गरज नाही. आकडा १ असेल तर मात्र एक शंका घ्या: मागे कधी हीच चकती तुम्हीच पाठवली होती का? तसं असेल तर तो तुमचाच निकाल तुमच्याकडे परत आला.

लॉगमध्ये, म्हणजे रिपनंतर प्रोग्रॅम लिहितो त्या नोंदीत, चेकसमच्या व्ही१ आणि व्ही२ अशा दोन आवृत्त्या दिसतात. पहिल्या आवृत्तीच्या गणितात काही बिट हिशेबातून निसटायचे, दुसरीत ते दुरुस्त केलं. व्ही२ जुळलं तर उत्तम, फक्त व्ही१ जुळलं तरी घाबरायचं कारण नाही. पहिल्या ट्रॅकच्या सुरुवातीचे आणि शेवटच्या ट्रॅकच्या अखेरचे जवळपास पाच-पाच सेक्टर हिशेबात धरलेच जात नाहीत, कारण अनेक ड्राइव्हना चकतीच्या त्या टोकांपलीकडे वाचता येत नाही.

आता निकाल जुळला नाही तर. इथे आकड्यापेक्षा कोणते ट्रॅक चुकले त्याचा नमुना जास्त सांगतो. बारा ट्रॅकपैकी अकरा जुळले आणि एकच चुकला, तर त्या ट्रॅकमध्ये खरी वाचनाची चूक आहे. शेवटचे दोन-तीन चुकले, तर चकतीच्या बाहेरच्या कडेवर घाण, बोटांचे ठसे किंवा चकती वाकलेली. धुवून, कमी वेगाने पुन्हा वाचा. सगळेच्या सगळे चुकले आणि टेस्ट-कॉपीचे सीआरसी मात्र जुळले, तर चकतीला दोष देऊ नका. एक तर ऑफसेट चुकला आहे किंवा तुमची चकती वेगळ्या छपाईची आहे. कारखान्यात त्याच अल्बमची दुसरी ग्लास मास्टर, म्हणजे छपाईसाठीची मूळ काचेची चकती, बनली की सगळा आवाज थोडा पुढेमागे सरकतो, पण ट्रॅकच्या जागा त्याच राहू शकतात. क्यूटूल्स हा प्रोग्रॅम फाइली अशा सरकवून पाहतो आणि कोणत्या ऑफसेटला जुळतात ते सांगतो. तिथे जुळलं की रिप बरोबर, फक्त छपाई निराळी.

लॉगमधल्या ‘ट्रॅक क्वालिटी’वरून उगाच गोंधळ होतो. ९९.७ टक्के म्हणजे ०.३ टक्के गाणं बिघडलं असं नाही. काही भाग पुन्हा वाचावे लागले, एवढाच त्याचा अर्थ. पाहायचं ते ‘सस्पिशस पोझिशन’ आहे का हे. असेल तर तिथे ट्रॅकमधली वेळ दिलेली असते. हेडफोन लावून ती जागा ऐका, पण काही ऐकू आलं नाही म्हणून ट्रॅक पास करू नका. ड्राइव्हने भरलेला अंदाज न खटकणाराच असतो.

क्यूटूल्सचा स्वतःचा डेटाबेसही आहे आणि तो माझ्या मते कमी वापरला जातो. त्यात चेकसमसोबत दुरुस्तीची थोडी जादा माहिती साठवलेली असते. तुमचं रिप कुणाच्या तरी चांगल्या रिपपेक्षा थोड्याच सॅम्पलनी वेगळं असेल, तर चुकीचे सॅम्पल शोधून ते बरोबर करून देतो. चकती अशी चिरलेली असली, की कुठलीच ड्राइव्ह वाचत नाही, तेव्हा हाच एक मार्ग उरतो. दुरुस्त करण्याआधी मूळ फाइलींची प्रत बाजूला ठेवा, आणि नंतर अॅक्युरेटरिप पुन्हा चालवून बघा.

चकती डेटाबेसमध्येच नसेल तर

मराठीत खरी कसोटी इथे लागते. पैठणच्या नाथषष्ठीच्या जत्रेत दुकानांवर मिळालेली भारुडं, तुळजापूरचे गोंधळ, भीमगीतं, स्थानिक कीर्तनकारांची ध्वनिमुद्रणं यांतलं बरंचसं डेटाबेसमध्ये नसतं. तिथे स्वतंत्र दुसरं वाचन आपणच घडवायचं.

त्यासाठी वेगळ्या कंपनीची, निदान वेगळ्या मॉडेलची दुसरी ड्राइव्ह हवी. नांदेड, लातूर, परभणी, कुठल्याही गावच्या संगणक दुरुस्तीच्या दुकानात जुन्या डेस्कटॉपमधून निघालेल्या साटा (डेस्कटॉपच्या आतल्या जोडणीच्या) सीडी ड्राइव्ह पडून असतात. साटा-यूएसबी अडॅप्टर घ्या, पण १२ व्होल्टचा वेगळा चार्जर असलेला. लॅपटॉपच्या यूएसबीवर चालणारी पातळ ड्राइव्ह फिरायला लागताना जास्त करंट ओढते, आणि जुन्या यूएसबी पोर्टमधून ५०० मिलिअँपिअरच मिळतात. वाचन अधूनमधून अडकतं, आणि दोष मात्र चकतीला लागतो. व्होल्टेज वरखाली होत असेल तर संगणक आणि ड्राइव्ह दोन्ही यूपीएसवर घ्या.

दोन्ही ड्राइव्हना आपापला बरोबर ऑफसेट लावून सगळे ट्रॅक दोन वेगळ्या फोल्डरमध्ये काढा आणि सीआरसी ताडून पाहा. पहिला आणि शेवटचा ट्रॅक अगदी टोकाला वेगळा निघू शकतो, मधले सगळे तंतोतंत जुळले पाहिजेत. न जुळल्यास ईएसीमधली दोन वेव्ह फाइलींची तुलना किंवा फूबार२००० या प्लेअरमधला बिट-तुलनेचा घटक नेमकी जागा दाखवतो. फरक एका बिंदूवर असेल तर चकती खराब. फाइलभर एकसारखा सरकलेला असेल तर एका ड्राइव्हचा ऑफसेट चुकलाय. त्याच सीडीची दुसरी प्रत कुणा नातेवाईकाकडे असेल तर तीही रिप करा. दोन ड्राइव्ह आणि दोन प्रती जुळल्या, की यापेक्षा भक्कम पुरावा घरबसल्या मिळत नाही.

पण पडताळणी जे सांगते ते एवढंच, की चकतीवर जे होतं ते फाइलीत आलं. चकतीवर काय होतं हा प्रश्न निराळाच. बाजारात विकल्या गेलेल्या कितीतरी सीडी-आर एमपी३वरून बनलेल्या असतात. रिप शंभर टक्के बरोबर, पण मूळच कापलेलं. स्पेक या प्रोग्रॅममध्ये फाइल उघडली की तिचा स्पेक्ट्रम, म्हणजे खालच्या ते वरच्या स्वरांचं चित्र, दिसतो. १२८ केबीपीएसच्या एमपी३मध्ये साधारण १६ किलोहर्ट्झवर सुरीने कापल्यासारखी आडवी रेघ येते, वर सगळं काळं. इथे जुन्या टेपवरच्या गाण्यांवर अन्याय होऊ देऊ नका. टेपवरही उंच स्वर कमी असतात, पण ते हळूहळू विरळ होत जातात. स्पेक्ट्रमवर १५.६ किलोहर्ट्झच्या आसपास एखादी बारीक सरळ रेघ दिसली, तर तो बहुधा स्टुडिओतल्या जुन्या टीव्ही मॉनिटरचा आवाज. त्यात बिघाड काही नाही, उलट मूळ मुद्रणाची खूण म्हणून मला तो आवडतो.

सलग कीर्तन तुकडे करून ट्रॅकमध्ये बसवलं असेल, तर आणखी एक गोष्ट तपासा. बर्न करणाऱ्याने ‘ट्रॅक अॅट वन्स’ पद्धत वापरली असेल, तर प्रत्येक ट्रॅकच्या मध्ये दोन सेकंदांची शांतता घुसते. मूळ सीडी डेटाबेसमध्ये असली तरी अशा प्रतीचा ओळख क्रमांक बदलतो आणि ती सापडत नाही. अभंगाची ओळ अर्ध्यात तुटून पुढच्या ट्रॅकमध्ये सुरू होत असेल, तर शंका घेऊन मूळ प्रत शोधा.

‘एका सीडीत शंभर गाणी’वाल्या एमपी३ सीडी मात्र डेटा सीडीच असतात. त्या रिप करायच्याच नसतात, फाइली सरळ कॉपी होतात.

फाइल ठेवताना

फ्लॅक वापरा, म्हणजे आवाजातलं काहीही न गमावता फाइल लहान करणारा प्रकार. फ्लॅकच्या आत मूळ आवाजाचा एमडी५, म्हणजे आणखी एक ताळ्याचा आकडा, साठवलेला असतो. फ्लॅक प्रोग्रॅमने फाइलची चाचणी घेतली की एन्कोड केल्यापासून ती बिघडली आहे का, ते कळतं. हार्ड डिस्क जुनी होत चालली की हे उपयोगी पडतं. पण रिप करतानाच चूक झाली असेल, तर फ्लॅक ती चूकही इमानेइतबारे जपेल. नाव, गायक, साल बदललं तरी एमडी५ बदलत नाही, तो फक्त आवाजाचा असतो.

अल्बमच्या फोल्डरमध्ये क्यू फाइल (ट्रॅक कुठे सुरू होतात याची नोंद) आणि रिपचा लॉग असू द्या. जुना फोल्डर चकतीशिवायही क्यूटूल्समधून ताडून पाहता येतो, पण त्यासाठी अल्बमचे सगळे ट्रॅक हवेत आणि प्रत्येकाची लांबी ५८८ सॅम्पलच्या पटीत हवी. एक ट्रॅक हरवला किंवा शांतता कापली गेली, की ओळख क्रमांकच निघत नाही. गाण्यांसोबत डेटा ट्रॅक असलेल्या सीडीतही लॉगशिवाय अडतं, कारण त्या ट्रॅकची लांबी ओळख क्रमांकात धरली जाते आणि फोल्डरमध्ये ती कुठेच नोंदलेली नसते.